आवाजाचीही पावती मागा!



बियाण्याच्या पिशवीचा टॅग आपण पाहतो, पावती जपतो. मग मोबाईलवर आलेला पुढाऱ्याचा आवाज बिनपावतीचा का घ्यायचा?

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरात मतदानाच्या दोन दिवस आधी घरोघरी फोन वाजले. आवाज राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा, सांगणे एकच: आत्ता मत देऊ नका. तो आवाज यंत्राने बनवलेला होता!

आपल्या निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ रोजी पक्षांना बजावले, बनावट चित्रफीत लक्षात येताच तीन तासांत काढा. तीन तासांत ती तालुका फिरून येते!

म्हणून विचारा: कोण बोलले? कुठे? कधी? उत्तर नाही, तर पुढे पाठवू नका. आदल्या रात्री आलेले तर मुळीच नाही. जोंधळ्याची राखण आपण करतो, मताचीही आपणच करू.