कान वाजतो, पण वाजवतो कोण?

मराठी माणसाने आपल्या अवयवांना भाषेत जेवढे राबवले आहे, तेवढे शेतातसुद्धा राबवले नसेल. कान तर सदैव कामावर. ते टवकारतात, उपटले जातात, फुंकले जातात. त्यांना कोणी खडा लावतो, त्यांवर कोणी हात ठेवतो. दातांचेही तसेच. ते विचकतात, ओठ खातात, कुणाला चार गोष्टी सांगता सांगता त्यांच्या कण्या होतात आणि ऐन वेळी त्यांची खीळ बसते. पण कान आणि जबडा यांची एकमेकांशी ओळख करून देणारा शब्द विचाराल, तर मी एकच सांगेन: कानशील. हे कानशील म्हणजे नुसता कान नव्हे. कानाच्या पुढची, गालाच्या वरची ती जागा. जुन्या शाळेत ज्याने तेथे गुरुजींचा प्रसाद खाल्ला आहे, त्याला जबडा कळवळणे आणि कान वाजणे या दोन्ही गोष्टी एकदमच समजल्या आहेत.

वाचकहो, आज याच कानशिलाविषयी चार शब्द लिहायचे आहेत. दिवाळी अंकात दुखण्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कडक चकली आणि ॲटमबाँब या दोघांचे राज्य याच चार दिवसांत असते, आणि एकाचा संबंध जबड्याशी तर दुसऱ्याचा कानाशी आहे. तेव्हा मुहूर्त काही वाईट नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. मृदंगाची उत्तम जाण, गुरुवारचे भजन कधी चुकवायचे नाहीत. ते हळूहळू भजनाला येईनासे झाले. विचारले तेव्हा म्हणाले, "प्रोफेसर, सगळे निजले की माझा रातकिडा जागा होतो. उजव्या कानात रात्रभर किर्र किर्र. तंबोऱ्याच्या खर्जातही तोच ऐकू येतो. आता डोके फिरायचे तेवढे बाकी आहे." शेवटच्या वाक्याला ते हसले, पण ते हसू काही खरे नव्हते. कानाच्या डॉक्टरांनी तपासून 'कानात काही नाही' असे सांगितले होते. कानात काही नाही आणि कानात रातकिडा आहे, या दोन विधानांच्या मध्ये माणूस सापडला, म्हणजे त्याची जी दशा होते ती त्याची त्यालाच ठाऊक.

ही तक्रार काही आजची नव्हे. सुश्रुताने कानाचे 28 रोग सांगितले, त्यांत कर्णनाद आहे. भेरी, मृदंग, शंख यांसारखे नाना आवाज रोग्याला ऐकू येतात, असे वर्णन आपल्या जुन्या वैद्यकात येते. जबडा आखडण्याला तेथे हनुग्रह असे नाव आहे. दोन्ही दुखणी वाताच्या खात्यावर मांडलेली आहेत. आजचे शास्त्र वाताची भाषा बोलत नाही. परंतु या दोघांचे सोयरसंबंध काय, याचा शोध त्यानेही पुष्कळ घेतला आहे.

प्रथम जागा पाहा. करंगळी हलकेच कानाच्या तोंडाशी ठेवून तोंड उघडा आणि मिटा. आत काहीतरी सरकल्याचे लागते ना? तेच खालच्या जबड्याचे डोके. वर कवटीचे हाड, खाली हे डोके आणि दोहोंच्या मध्ये चिवट तंतूंची एक लहानशी चकती, असा हा सांधा आहे. तोंड थोडे उघडले तर तो दाराच्या बिजागरीसारखा फिरतो; आणखी उघडले की टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. शिवाय हाड एक आणि सांधे दोन. एका बाजूने चालढकल केली तर भुर्दंड दुसऱ्या बाजूला. चकती जागेवरून सरकली म्हणजे जांभई देताना 'कट्ट' असा आवाज येतो. तो पुष्कळांना येतो, आणि वेदना नसेल तर त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

शेजार असा भिंतीला भिंत लागून. पण नाते त्याहून जुने आहे. 1837 साली रायखर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने दाखवले, की आपल्या कानातील हातोडी आणि ऐरण ही दोन इवली हाडे म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडे. सरडा ज्यांच्या जोरावर तोंड मिटतो, त्यांवर आपण संगीत ऐकतो! गर्भातही आपली हातोडी आणि खालचा जबडा एकाच कूर्चेच्या आधाराने घडतात. कानाचा पडदा ताणून धरणाऱ्या स्नायूला आणि चावण्याच्या स्नायूंना हुकूम देणारी नसही एकच. घरे वेगळी झाली, तरी सातबारा अजून सामाईक आहे म्हणा ना.

या नात्याला वैद्यकात पहिला गाजावाजा मिळाला तो 1934 साली. अमेरिकेतील सेंट लुईसचे कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी लिहिले, की मागच्या दाढा गेलेल्या काही रोग्यांना कान भरल्यासारखे वाटते, कानात नाद होतो, डोके दुखते. त्यांचे स्पष्टीकरण असे होते: दाढा नाहीत म्हणून जबडा जास्त मिटतो, त्याचे डोके मागे सरकते आणि नसांवर व कानाच्या नळीवर दाब पडतो. पुढे शरीरशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा हाड तेथे तसे दाबत नाही असे आढळले. स्पष्टीकरण पडले, पण निरीक्षण उभे राहिले. 1962 साली पिंटो यांनी हातोडीपासून या सांध्यापर्यंत जाणारी एक बारीक दोरी वर्णिली. ती ओढली गेली तर हातोडी खरोखर हलते का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

आज अधिक पटणारी उपपत्ती आहे ती मेंदूच्या देठाशी. कानाकडून येणारी तार जेथे पहिल्यांदा उतरते, त्याच ठाण्यात जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या नसांचेही धागे येतात. पूर्वी टेलिफोनवर दुसऱ्याच कुणाचे बोलणे ऐकू यायचे, तसाच हा प्रकार. जबड्याचे स्नायू रात्रंदिवस ताणलेले असले, तर त्यांची तक्रार या ठाण्यात पोचते आणि मेंदू तिला आवाज समजतो. कानाकडून येणारे संदेश वयाने किंवा गोंगाटाने रोडावले असतील, तर ही बाहेरची कुजबूज अधिकच मोठी होते. म्हणूनच कान वाजणाऱ्यांपैकी पुष्कळांना दात घट्ट आवळले किंवा जबडा पुढे काढला की नाद चढल्या-उतरल्यासारखा वाटतो. मात्र तेवढ्यावरून जबड्याला गुन्हेगार ठरवू नये. सांधा धडधाकट असलेल्यांनाही हा अनुभव येतो.

संशय घ्यायला जागा केव्हा आहे? नादाबरोबर कानापुढे दुखत असेल, सकाळी उठल्यावर गाल आणि कानशिले जड असतील, तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावत नसतील, चावताना नाद वाढत असेल, तेव्हा. अशा वेळी कानाच्या डॉक्टरांबरोबर दातांच्या डॉक्टरांकडेही जावे. आमचे मास्तर तसे गेले. उजवीकडच्या दोन दाढा पूर्वीच काढलेल्या, सगळे चर्वण डावीकडून, आणि रात्री दात खाण्याची सवय. ही सवय त्यांच्याखेरीज घरात सर्वांना ठाऊक होती! डॉक्टरांनी रात्री दातांवर बसवायची एक पट्टी करून दिली, शेक आणि जबड्याचे हलके व्यायाम सांगितले. दोन-तीन महिन्यांनी मास्तर म्हणाले, "रातकिडा आहे, पण आता अंगणात गेलाय." गुरुवारी मृदंगाजवळची त्यांची जागा पुन्हा भरली. संपूर्ण बरे झाले असे ते म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. परंतु आपले डोके फिरलेले नाही, हे कळणे हे निम्मे औषध होते.

घरच्या घरी करण्यासारखेही काही आहे. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची विश्रांती. दिवसातून चार वेळा स्वतःला विचारावे, 'दात आवळलेत का?' हिशेब करताना आणि पेपर तपासताना हमखास आवळलेले सापडतात. सुपारी, ऊस, च्युइंगगम यांना दुखणे थांबेपर्यंत रजा द्यावी, घास लहान घ्यावा, जांभईला हनुवटीखाली हाताचा टेकू द्यावा.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचावी. कान वाजण्याची नेहमीची कारणे वेगळी आहेत: उतारवयातला बहिरेपणा, मोठे आवाज, कानातला मळ, काही औषधे. जबडा हा त्यांतला एक. नाद नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, एकाच कानात सतत असेल, चक्कर येत असेल, तर डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. आणि ऐकू येणे एकाएकी कमी झाले तर त्याच दिवशी जावे, चकली हातातली तशीच ठेवून.

1953 साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगले ऐकू येणाऱ्या 80 माणसांना आवाजबंद खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते विचारले. त्यांपैकी 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलेच. याचा अर्थ, संपूर्ण शांतता आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबी आहे. म्हणून मास्तरांसारखा कोणी 'माझा कान वाजतो' असे म्हणाला, तर 'मनाचे खेळ आहेत' असे म्हणून त्याला वाटेला लावू नका. त्याच्याजवळ बसा, ऐकून घ्या. त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्याचे बोलणे तरी ऐकू यावे.