उन्हाला घड्याळ लावू नका

छतावर सोलर बसवा आणि वीजबिलातून मोकळे व्हा, अशा आशयाची पत्रकं सध्या कोंढव्यापासून कोथरूडपर्यंत सगळीकडे वाटली जात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. ३ किलोवॉटच्या संचाला केंद्राचं ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागलं आणि मध्यमवर्गीय घरांत सोलरचा विषय निघायला लागला. आता विक्रेते त्याला बॅटरीही जोडून देतात. त्यासाठी ते एक भीती पेरतात आणि एक आमिष दाखवतात. भीती अशी की नेट मीटरिंग आज आहे, उद्या नसेल. आमिष असं की आता विजेचे दर वेळेनुसार बदलणार, तेव्हा आपल्याला सोयीचा दर निवडा.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. मुलांना शब्दाचा अर्थ सांगताना त्याची अटही सांगावी लागते. निवड म्हणा की इख्तियार म्हणा, समोर किमान दोन पर्याय हवेत. पुण्यातल्या घराला वीज देणारी कंपनी एकच, महावितरण. मुंबईच्या उपनगरांत टाटा की अदानी एवढी तरी निवड आहे, इथे तीही नाही. दर वीज नियामक आयोग ठरवतो, मीटर कंपनी बसवते आणि बिल आपण भरतो. यात ग्राहकाने निवडलं काय?

आधी घड्याळाच्या दराकडे पाहू. जून २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. उन्हाच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि गर्दीच्या तासांतला दर घरगुती ग्राहकासाठी १.१ पटीपेक्षा कमी नसावा, असं त्यात आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. सवलतीला कोण नाही म्हणेल? पण तो केंद्राचा नियम पुन्हा वाचा. पहिल्या वाक्यात सवलत आहे, तर दुसऱ्यात जादा दर. आज पहिलं वाक्य दारात आलंय, दुसरंही रस्त्यात असू शकतं.

शिवाय ९ ते ५ या वेळेत घरात असतं कोण? नवरा-बायको दोघं नोकरीवर, मुलं शाळेत, दाराला कुलूप. गिझर पहाटे लागतो, दिवे, पंखे, टीव्ही आणि मिक्सर संध्याकाळी. रमजानमध्ये तर आमच्या वस्त्यांतलं स्वयंपाकघर सहरीला आणि इफ्तारच्या आसपासच जागं असतं. समजा, कसरत करून महिन्याला ६० युनिट दिवसा वापरले, तर ८० पैशांनी वाचले ४८ रुपये. दिवसा एसी चालवणाऱ्याला यापेक्षा जास्त मिळणार. जो जास्त वापरतो आणि घरी बसू शकतो, त्यालाच ही सवलत जास्त मानवते.

आता सोलरवाल्या घराचं गणित. पुण्यात चांगल्या उन्हात १ किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट तयार होतात, म्हणजे ३ किलोवॉटचे १२. घरात दिवसा लागतात ४, उरलेले ८ तारेतून बाहेर जातात आणि निर्यात म्हणून नोंदले जातात. रात्री आपण ८ युनिट आयात करतो. नेट मीटरिंगमध्ये या दोन्हींची वजावट होते आणि बिलात मुख्यतः स्थिर आकार उरतो. ज्याला ही वजावट मिळते, त्याच्यासाठी विजेची तार हीच बॅटरी आहे. त्याने बिल कमी करण्यासाठी दुसरी बॅटरी विकत घ्यायचं काही कारण नाही. वारंवार वीज जात असेल, घरात ऑक्सिजनच्या यंत्रावरचा रुग्ण असेल, तर बॅटरी जरूर घ्या. पण ती गरज झाली, बचत नव्हे.

ज्याच्याकडे सोलर नाही, त्याला काही विक्रेते सांगतात की दिवसा स्वस्तात बॅटरी भरा आणि रात्री वापरा. ५ युनिटमागे ८० पैशांनी दिवसाला ४ रुपये, वर्षाला १,४६०. भरताना-उपसताना वाया जाणारी वीज अजून धरलेलीच नाही. एवढ्या पैशात बॅटरीची किंमत कधी वसूल होईल, हे सातवीतलं मूलही सांगेल.

मग बॅटरीची घाई कुठून आली? २०२५ च्या सुरुवातीला वीजदराच्या याचिकेतून महावितरणचा एक प्रस्ताव पुढे आला होता. उन्हाच्या तासांत तयार झालेली वीज फक्त त्याच तासांतल्या वापरातून वजा करायची. आमच्या उदाहरणात दुपारचे ८ युनिट रात्रीच्या ८ युनिटांत वळते होणार नाहीत, रात्रीची वीज पूर्ण दराने घ्यावी लागेल. लोकांनी हरकती घेतल्या आणि घरगुती ग्राहकापुरती जुनी वजावट टिकली. पण हा विचार मेलेला नाही, तो पुढच्या याचिकेची वाट बघत बसला आहे. माझा मुद्दा इथेच आहे. छत तेच, ऊन तेच, पॅनेलही तेच. फक्त वजावटीचा नियम बदलला की ८ युनिटांची बॅटरी 'आवश्यक' होते. वीज साठवण्याचा खर्च कंपनीच्या खात्यातून उचलून कुटुंबाच्या खात्यात टाकायचा आणि त्याला ग्राहकाची निवड म्हणायचं, याला मी इन्साफ म्हणणार नाही.

कंपनीची बाजू खोटी नाही. दुपारी राज्यात सोलरची वीज भरपूर असते, संध्याकाळी सूर्य मावळला की महागडी वीज आणावी लागते. तारा आणि रोहित्रं सांभाळायचा खर्च आहेच. सोलरवाल्याने त्यातला वाटा उचलला नाही, तर तो सोलर नसलेल्याच्या माथी पडतो आणि तो बहुधा गरीब असतो. हे मला मान्य आहे. मग तो वाटा उघडपणे सांगा, लहान घराला कमी आणि मोठ्या संचाला जास्त लावा. बॅटऱ्या उपकेंद्रात बसवा, जिथे एकीचा फायदा हजार घरांना होतो. त्यासाठी वजावटीचा नियम मधेच फिरवू नका.

पुण्याने हे एकदा करून दाखवलंय. २००६ मध्ये राज्य भारनियमनाने हैराण होतं. तेव्हा इथल्या कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून शहराची तूट भरून काढायची, असं ठरलं. वाढीव खर्चाचा भार महिन्याला ३०० युनिटांपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी उचलला. जाहीर सुनावणी झाली, प्रयाससारख्या संस्थेने आकडेमोड मांडली, लोक बोलले. 'पुणे मॉडेल' म्हणून ते ओळखलं गेलं. त्यात कोण देणार आणि का देणार, हे आधी सांगितलं होतं. आज हवी आहे ती हीच साफगोई.

आणखी एक हिशोब मार्च महिन्याचा. नेट मीटरिंगचं वर्ष ३१ मार्चला संपतं. जानेवारी ते मार्च ऊन चांगलं असतं आणि वापर कमी, म्हणून युनिट साचतात. वर्ष संपलं की उरलेले युनिट कंपनी कमी दराने घेते आणि पाटी कोरी होते. लगेच एप्रिल-मेचा उकाडा, पंखे, कूलर. वर्षाची कड मेअखेरीस ठेवली असती, तर घरांचं भलं झालं असतं. म्हणून मोठा संच बसवा असा आग्रह कोणी केला, तर त्याला आधी आपली बारा महिन्यांची बिलं दाखवा.

आणि ज्यांना छतच नाही त्यांचं काय? भवानी पेठेतला भाडेकरू, गंज पेठेतल्या वाड्यातली एक खोली, बिल्डरने गच्चीचा हक्क सोसायटीला दिलाच नाही अशी इमारत. या घरांना ना पॅनेल, ना अनुदान, ना निवड. दिल्लीत २०१९ पासून आभासी नेट मीटरिंगचे नियम आहेत. पॅनेल एका जागी असतात आणि त्यांचे युनिट अनेकांच्या बिलांत वळते होतात. शाळेचं, मशिदीचं, मंदिराचं, मंडईचं छत मोहल्ल्याच्या कामी येऊ शकतं. पुण्यात या विषयावर जेवढं बोललं जायला हवं, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही बोललं जात नाही.

मागण्या साध्या आहेत. संच बसवताना वजावटीचा जो नियम होता, तो पॅनेलच्या आयुष्यभर, म्हणजे निदान वीस वर्षं, त्या घराला लागू राहावा. घड्याळाचा दर घ्यायचा की सरसकट, हे ग्राहकाने लेखी सांगावं आणि वर्षातून एकदा बदलता यावं. दोन्ही दरांनी बिल किती झालं असतं, हे प्रत्येक बिलावर मराठीत छापावं. एवढं झालं, तर 'निवड' हा शब्द मी वर्गातही न अडखळता शिकवीन.

दरांची याचिका शेकडो पानांची असते आणि इंग्रजीत असते, म्हणून आपण सुनावणीला जात नाही. पण हरकत एका पानाची आणि मराठीत चालते. पुढची सुनावणी लागेल, तेव्हा आपलं वर्षभराचं बिल आणि एक अर्ज घेऊन जा. विक्रेत्याला विचारतो ते प्रश्न तिथे विचारा, कारण दर तिथे ठरतो.