आठवड्याचा अहवाल यंत्राने लिहावा, निर्णय मात्र आपण घ्यावा

माझ्या ओळखीचे मुंबईतील एक तयार कपड्यांचे व्यापारी आहेत. दुकानाबरोबरच ते फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गुगलवर जाहिराती देऊन माल विकतात. जाहिरातीचा अहवाल दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपोआप ई-मेलने यावा, अशी सोय त्यांनी करून घेतली होती. १ मे २०२५ रोजी आलेल्या अहवालात एप्रिलच्या विक्रीपुढे लाल बाण होता. गेल्या एप्रिलपेक्षा विक्री निम्म्याहून कमी! त्यांनी घाबरून त्याच दिवशी जाहिराती बंद केल्या. ऑर्डरी आटल्या आणि त्यांच्याकडे जरीकाम करणारे चार कारागीर तीन आठवडे घरी बसले.

वास्तविक धंदा मुळीच घसरला नव्हता. २०२४ मध्ये रमजान ईद ११ एप्रिलला होती, त्यामुळे शेवटच्या दहा दिवसांची गर्दी एप्रिलमध्ये आली. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला झाली आणि सारी खरेदी मार्चमध्येच उरकली. यंत्र खोटे बोलले नाही. सांगितल्याप्रमाणे त्याने एप्रिलची तुलना एप्रिलशी केली. आपला बाजार चंद्रावर चालतो आणि यंत्र इंग्रजी कॅलेंडरवर, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

या प्रसंगावरून कोणी म्हणेल की असले आपोआप येणारे अहवाल नकोतच. हे मत मला पटत नाही. आज आपल्या अनेक घरांत जाहिरातीचे काम दोन मुलगे आणि एक पुतण्या मिळून पाहतात. दर सोमवारी तीन ठिकाणचे आकडे उतरवून काढण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. त्यात एखादे शून्य इकडचे तिकडे होते. हे काम यंत्राचेच आहे. गुगल आणि फेसबुक या दोघांच्याही जाहिरात खात्यात ठरलेल्या दिवशी अहवाल ई-मेलने मागवण्याची सोय आहे. गुगल शीट्समध्ये ॲप्स स्क्रिप्ट नावाची सोय आहे. तिला एकदा नीट शिकवून ठेवले की ठरलेल्या वेळी ती शीटमधील आकडे जुळवून पत्र पाठवते. संगणकाची गोडी असलेला घरातील मुलगा हे शिकू शकतो. केवळ अहवालासाठी कोणाला दरमहा पैसे मोजण्याची गरज नाही.

प्रश्न आहे तो अहवालात काय असावे याचा. जाहिरात पाहणाऱ्या मंडळींचे अहवाल दहा-बारा पानांचे असतात. किती जणांनी पाहिले, किती जणांना आवडले, याचीच त्यात भरती असते. व्यापाऱ्याला पाच आकडे पुरतात : करासहित खर्च, आलेल्या चौकशा, पक्क्या ऑर्डरी, परत आलेला माल आणि शेवटी हातात राहिलेला नफा.

यातील ऑर्डरींचा आकडा जाहिरात कंपनीकडून घेऊ नये. तो आपल्या बिलबुकातूनच घ्यावा. याचे कारण असे की, कोणी जाहिरातीवर बोट ठेवून सात दिवसांत माल घेतला, किंवा जाहिरात नुसती पाहून एका दिवसात घेतला, तरी फेसबुक साधारणपणे ती विक्री आपल्या नावे मांडते. गुगलच्या जाहिरात खात्यात ही मुदत बोट ठेवल्यापासून सहसा तीस दिवसांची असते. गिऱ्हाइकाने इन्स्टाग्रामवर कुर्ता पाहिला, मग गुगलवर दुकानाचे नाव शोधून तिथल्या जाहिरातीतून तो घेतला, तर विक्री एक आणि दावेदार दोन. समजा, बिलबुकात १०० ऑर्डरी आहेत, एकाने ७० सांगितल्या आणि दुसऱ्याने ५५. बेरीज १२५ झाली, पण गल्ल्यात पैसे शंभराचेच आले.

खर्चाचेही तसेच आहे. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि जाहिरात खात्यातील खर्चाच्या आकड्यात तो धरलेला नसतो. तिथे १०,००० दिसले तर खिशातून ११,८०० गेले असे समजावे. ज्यांची नियमित नोंदणी आहे त्यांनी आपला जीएसटी क्रमांक जाहिरात खात्यात भरावा, म्हणजे त्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही, त्याच्यासाठी तो सरळ खर्चच आहे. माल पोहोचल्यावर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाने पार्सल परत पाठवले, तर तेही जाहिरात खात्याला कळत नाही. उलट जाहिरात पाहून जो थेट दुकानात आला, त्याचीही तिथे नोंद नसते. यासाठी बिल करतानाच "कुठे पाहिले?" एवढे विचारून कोपऱ्यात एक अक्षर लिहून ठेवावे.

आता ईदची गोष्ट. अहवालाच्या शीटमध्ये दरवर्षीची ईदची तारीख लिहून ठेवावी आणि ईदपूर्वीच्या तीस दिवसांची तुलना गेल्या वर्षीच्या ईदपूर्वीच्या तीस दिवसांशी करावी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२८ च्या सुमारास ती फेब्रुवारीच्या अखेरीस पोहोचेल, म्हणजे महिन्याशी महिना ताडणारा अहवाल यापुढेही फसवणारच. दिवाळीचा माल विकणाऱ्यांनीही हेच पथ्य पाळावे.

जुनी मंडळी म्हणतात, रोजमेळ हाताने लिहिला की आकडा डोक्यात बसतो. त्यात तथ्य आहे. म्हणून यंत्राने आकडे उतरवावेत, पण सोमवारी सकाळी पंधरा मिनिटे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ते वाचावेत आणि खाली हाताने एक ओळ लिहावी : या आठवड्यात काय बदलणार आणि का. ज्या रकान्यामुळे महिनाभर एकही निर्णय झाला नाही, तो काढून टाकावा. महिन्यातून एकदा एक तरी आकडा बिलबुकाशी ताडून पाहावा. कुठे पासवर्ड बदलला, रकाना सरकला, तर यंत्र तक्रार न करता जुनाच आकडा पाठवत राहते.

आमच्या व्यापारी मित्रांच्या लक्षात चूक आली तेव्हा ७ जूनची बकरी ईद दोन आठवड्यांवर होती. जाहिराती पुन्हा सुरू झाल्या आणि कारागीरही परतले, पण त्यांची तीन आठवड्यांची मजुरी बुडाली ती बुडालीच. अहवाल वाचणाऱ्याने बिलबुक उघडून पाच मिनिटे विचार केला असता, तर ती वाचली असती.