लाट विकत घेता येते काय?
परदेशी सर्फिंग सहलीचा किनारा निवडताना

माल पारखून घ्यावा, पाटी पाहून घेऊ नये, हा बाजाराचा जुना नियम आहे. कापड घेताना आपण ते बोटांत चोळून पाहतो, तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरतो. परंतु परदेशी सहलीचे पैसे मोजताना ही पारख कुठे जाते कोण जाणे! निळ्या पाण्याचे एक छायाचित्र, नारळाची दोन झाडे आणि लाटेवर उभा असलेला एक तरुण एवढे पाहिले की गिऱ्हाईक पैसे काढून देते. मग तेथे पोहोचल्यावर समुद्र तरी खवळलेला असतो, नाहीतर तळ्यासारखा निपचित पडलेला असतो. दोष समुद्राचा नसतो. तो आपल्या हंगामाप्रमाणे वागत असतो. दोष निवडीचा असतो.

सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होणे, हा खेळ आपल्याकडेही आता अपरिचित राहिलेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली त्याचा प्रथमच समावेश झाला. श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया, मोरोक्को या देशांच्या किनाऱ्यांवर या एका खेळाने खोल्यांचे भाडे, होड्या, रिक्षा, खाणावळी, फळ्यांची दुरुस्ती असा मोठा व्यापार उभा केला आहे. म्हणून किनाऱ्याची निवड ही केवळ हौसेची बाब नसून व्यवहाराचीही बाब आहे, आणि व्यवहार म्हटला की त्यात दोन्ही बाजूंचा हिशेब पाहावा लागतो.

हंगाम हा पहिला निकष

लाट ही किनाऱ्यावर तयार होत नाही. ती शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूरच्या वादळात जन्म घेते आणि प्रवास करीत येते. हिंदी महासागरातील मोठ्या लाटा दक्षिणेकडील वादळांतून येतात व त्यांचा जोर साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात असतो. अटलांटिकच्या उत्तर भागात हिवाळ्यात वादळे होतात, म्हणून मोरोक्कोचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल असा उलटा आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. कोकणातील कोणत्याही खलाशाला मतलई वारा आणि खारा वारा यांतील फरक सांगावा लागत नाही. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा लाटेला उभी धरतो, तिचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. समुद्राकडून येणारा वारा तिला मोडून टाकतो. बालीच्या पश्चिम किनाऱ्यावर एप्रिल ते ऑक्टोबर आग्नेयेचे व्यापारी वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, म्हणून तेव्हा तेथे गर्दी असते. पावसाळ्यात वारा फिरला की जाणकार मंडळी पूर्व किनाऱ्याकडे वळतात.

हाच नियम श्रीलंकेत अधिक स्पष्ट दिसतो. दक्षिण किनाऱ्यावरील वेलिगामा व हिक्कडुवा येथे नोव्हेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की तोच किनारा खवळतो. त्याच वेळी पूर्वेकडील अरुगम बे येथे हंगाम सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत चालतो. आपल्याकडील कुटुंबे मुलांच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस व मे महिन्यात बाहेर पडतात. त्यांना मेअखेरीस वेलिगामाचे तिकीट देणे म्हणजे आषाढात आंब्याची पेटी विकण्यासारखे आहे. पेटी मिळेल, आंबा मिळणार नाही. अशा गिऱ्हाइकाला अरुगम बे सांगावे. दिवाळीत जाणाऱ्याला मात्र थोडे थांबायला सांगावे. तेव्हा पूर्वेचा हंगाम सरलेला असतो आणि दक्षिणेचा नुकता सुरू होत असतो. नाताळच्या सुट्टीत वेलिगामा निर्धास्त सुचवावे.

तळ पाहा, मग पाणी पाहा

लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. म्हणजे माणसाच्या उंचीची लाट फुटते तेव्हा तिच्याखाली फार पाणी नसते. त्या उथळ पाण्याखाली काय आहे, हा प्रश्न छायाचित्र कधीच सोडवत नाही. वेलिगामाचा उपसागर वाळूचा आहे. नवशिक्या पडला तर वाळूवर पडतो, उठतो, हसतो. बालीतील कुटा येथेही तळ वाळूचाच. परंतु त्याच बालीतील उलुवातू येथे खाली प्रवाळाचा खडक आहे आणि पाण्यात उतरायचे ते गुहेतून. मालदीवच्या बहुतेक नामांकित लाटा प्रवाळावरच फुटतात. प्रवाळाची जखम लहान दिसते, पण ती चिघळते आणि अर्धी सहल खाटेवर जाते.

म्हणून ज्याने कधी फळी हातात धरली नाही त्याने पहिलीच सहल मालदीवच्या प्रवाळावर नेऊ नये. मंगळूरजवळच्या मुळकीला किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला आठवडाभर शिकून घ्यावे. कोवलममध्ये तर मच्छिमारांचीच मुले या खेळात तयार झाली आणि आता इतरांना शिकवीत आहेत. ज्याला समुद्र लहानपणापासून कळतो त्याच्याकडून शिकणे केव्हाही चांगले.

आणखी दोन-तीन चौकशा पैसे भरण्यापूर्वी कराव्यात. प्रवास विम्यात सर्फिंगच्या अपघाताची भरपाई आहे की नाही, हे विम्याच्या कागदावर वाचावे, तोंडी आश्वासनावर राहू नये. विमान कंपनी फळीचे वेगळे भाडे घेते काय, ते विचारावे. जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि मध्ये बोट लागते की रस्ता आहे, हे पाहावे. सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांच्या लाटा जगप्रसिद्ध आहेत, पण तेथे जायचे म्हणजे बहुतेकदा पाडांगहून समुद्रमार्गे. कुशल माणसाला ते परवडते, नवख्याला नाही.

लाटेचा मालक कोण?

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. मालदीवमध्ये पहिले पर्यटक निवास १९७२ साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी टोनी हिंड या ऑस्ट्रेलियन तरुणाची नौका उत्तर माले बेटसमूहात फुटली. तो तेथे अडकला आणि त्या लाटांच्या प्रेमात पडला. त्याने इस्लाम स्वीकारला, तेथेच लग्न करून तो टोनी हुसेन हिंड झाला. मालदीवच्या लाटा जगासमोर आणण्याचे श्रेय त्याला दिले जाते. २००८ साली त्याच समुद्रात लाटेवर असतानाच त्याचा अंत झाला.

परंतु या उद्योगाची घडी अशी बसली की बेट हॉटेलला भाडेपट्ट्याने दिले की बेटासमोरची लाटही त्या हॉटेलच्या पाहुण्यांपुरती राखून ठेवली जाऊ लागली. ज्या मुलाचा बाप त्या पाण्यात मासेमारी करीत होता, त्यालाच तेथे फळी घेऊन उतरायची बंदी. स्थानिक तरुणांनी याविरुद्ध आवाज उठवला, तो रास्तच होता. जमिनीचा भाडेपट्टा समजू शकतो. पण लाट कोणाच्या कारखान्यात तयार होते? हजार कोसांवरच्या वादळाने पाठवलेल्या वस्तूवर पावती कोणी फाडावी?

या व्यवस्थेची बाजू घेणारे म्हणतात की मर्यादा नसेल तर एका लाटेवर वीसजण तुटून पडतील, भांडणे होतील, अपघात होतील. यात तथ्य आहे. बालीच्या गर्दीत ते दिसतेही. परंतु गर्दीला शिस्त लावणे वेगळे आणि पैसेवाल्याला लाट विकणे वेगळे. बाजारपेठेत गर्दी होते म्हणून आपण रस्ता एका दुकानदाराला विकत नाही, वाहतुकीचा नियम करतो.

फिजीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील क्लाउडब्रेक ही लाट अनेक वर्षे एका हॉटेलच्या पाहुण्यांसाठी राखीव होती. २०१० साली तेथील सरकारने हुकूम काढून सर्फिंगच्या जागा सर्वांसाठी खुल्या केल्या. ते योग्य झाले. पण पूर्वीच्या व्यवस्थेत त्या पाण्यावर परंपरेने हक्क सांगणाऱ्या गावकऱ्यांना मोबदला मिळत असे. लाट सर्वांची झाली, गावाचे उत्पन्न मात्र कोणी विचारात घेतले नाही, अशी त्यांची तक्रार राहिली. तेव्हा नुसते दार उघडून न्याय पुरा होत नाही. आत येणाऱ्याने घरमालकाची विचारपूस केली पाहिजे.

पैसा गावात किती राहतो?

मालदीवमध्ये २००९ पासून वस्तीच्या बेटांवर स्थानिक लोकांना पाहुणाघरे चालवण्याची मुभा मिळाली आणि चित्र बदलू लागले. थुलुसधू हे असेच एक बेट. तेथील शीतपेयाच्या कारखान्यावरून एका लाटेला ‘कोक्स’ असे नाव पडले आहे, आणि जुन्या कोंबडीपालन केंद्रावरून समोरच्या लाटेला ‘चिकन्स’. येथे खोलीचे भाडे गावातल्या कुटुंबाला मिळते, होडी गावातल्या माणसाची असते, मासळी गावातली असते. वस्तीच्या बेटावर दारू मिळत नाही, पोहण्याच्या तोकड्या कपड्यांसाठी वेगळा किनारा नेमून दिलेला असतो, रमजानमध्ये दिवसा खाणावळी बंद असू शकतात. ज्यांना हे जाचक वाटेल त्यांनी दुसरीकडे जावे. मात्र आपल्या वाचकांपैकी अनेकांना, विशेषतः कुटुंबासह जाणाऱ्यांना, हेच सोयीचे वाटेल आणि खाण्यापिण्याची चौकशीही करावी लागणार नाही. अरुगम बेलगतचे पोट्टुविल हे गावही बहुतांशी मुस्लिम वस्तीचे आहे. तेथेही हीच सोय आहे.

याच अरुगम बेने २००४ च्या डिसेंबरमधील त्सुनामीत सर्वस्व गमावले होते. ते सावरले, तोच २०१९ चे बॉम्बस्फोट, मग महामारी, मग २०२२ ची इंधनटंचाई. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकन दूतावासाने हल्ल्याच्या शक्यतेचा इशारा दिला आणि आपल्या नागरिकांना तेथे जाणे टाळण्यास सांगितले. ज्या गावाची वर्षाची कमाई पाच-सहा महिन्यांत व्हायची, तेथे असा एक इशारा किती घरांची चूल थंड करतो याचा विचार करावा. म्हणून जाण्यापूर्वी सरकारी सूचना जरूर पाहाव्यात, आणि परिस्थिती निवळल्यावर गेलात तर पैसा रिक्षावाल्याच्या, खानावळीच्या, फळी दुरुस्त करणाऱ्याच्या हाती पडेल असे पाहावे.

मोरोक्कोचा धडा निराळा आहे. तागाझूत व इम्सुआन ही तेथील मच्छिमारांची गावे लांब लाटांमुळे प्रसिद्धीस आली. किनाऱ्यावर खाणावळी, पाहुणाघरे उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये इम्सुआनमधील अशी बरीच बांधकामे सरकारी किनारपट्टीवरील अतिक्रमण ठरवून, अगदी थोड्या मुदतीची नोटीस देऊन पाडण्यात आली. कायदा काहीही असो, वर्षानुवर्षे चाललेला धंदा एका दिवसात ढिगारा झाला. यातून गिऱ्हाइकाने घ्यायचा बोध असा की, जुन्या छायाचित्रावर खोली ठरवू नये. आणि किनाऱ्यावर धंदा करणाऱ्याने घ्यायचा बोध असा की, जागेचा कागद पक्का असल्याशिवाय भिंत उभारू नये. आपल्या किनाऱ्यावर झोपडी-हॉटेलांचा विचार करणाऱ्या कोकणातील तरुणांनीही हे ध्यानात ठेवावे.

एजंट बंधूंना दोन शब्द

सहलीचा व्यवसाय करणारे आपले अनेक बंधू हे वाचत असतील. त्यांच्यावर आमचा रोष नाही. परंतु ज्या किनाऱ्याचे कमिशन अधिक तोच किनारा बारमाही चांगला, असे सांगण्याची प्रथा धंद्याला घातक आहे. गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा येत नाही आणि येताना ज्यांना घेऊन आले असते त्यांनाही आणत नाही. ‘या महिन्यात तेथे जाऊ नका,’ असे सांगणारा एजंट एक तिकीट गमावतो, पण एक घराणे जोडतो. मालातला दोष लपवून विकणे कोणत्याही बाजारात बेइमानीच आहे. समुद्राचा माल त्याला अपवाद नाही. उलट येथे दोष लपवला तर नुकसान पैशाचेच होते असे नाही, जीवही जाऊ शकतो.

तात्पर्य, किनारा निवडताना चार प्रश्न विचारावेत. माझ्या सुट्टीत तेथे हंगाम आहे काय? पाण्याखालचा तळ माझ्या कौशल्याला झेपणारा आहे काय? तेथील मुलांना त्याच लाटेवर उतरण्याची मोकळीक आहे काय? आणि माझ्या खर्चातला किती पैसा त्या गावात राहणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांनी आपली सहल वाचेल, पुढच्या दोन प्रश्नांनी दुसऱ्याची रोजी. या चारही प्रश्नांची उत्तरे पैसे भरण्यापूर्वी मिळवा. ती एजंटाकडून मिळाली नाहीत, तर एजंट बदला.