मागच्या रांगेतले चेहरे



जुन्या ग्रुपफोटोत पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे खाली छापलेली असतात. मागे बाकावर आणि त्याच्याही मागे टेबलावर उभे राहिलेले मात्र बिननावाचे. आपले आजोबा-पणजोबा शोधायचे तर त्या मागच्या रांगेतच शोधावे लागतात. आजी सापडलीच तर कडेला, अर्धा पदर फोटोबाहेर गेलेली.

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब स्वतः आले, तिथल्या शाळेत त्यांचा मुक्काम झाला. अशा परिषदांना भाकरी बांधून पायी गेलेल्या किती माणसांचा फोटो आज त्यांच्या घरात आहे? कष्टकऱ्याचा फोटो तेव्हा जन्मात एकदा निघायचा, आणि तोही बहुधा दहा-वीस जणांत मिळून.

पण त्यात एक गोष्ट आपल्या फायद्याची झाली. त्या काळचे फोटोग्राफर लाकडी कॅमेऱ्यात मोठ्या काचेवर फोटो घेत. फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच, हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा. पुढे जी रिळाची निगेटिव्ह घरोघर आली ती अवघी २४ बाय ३६ मिलिमीटर. फुल प्लेटचे क्षेत्रफळ तिच्या सुमारे ४० पट भरते. म्हणून मागच्या रांगेतला चेहरा प्रिंटवर तांदळाएवढा दिसला, तरी मूळ काचेवर त्याच्या डोळ्याखालची सुरकुतीसुद्धा असू शकते. ती बाहेर काढायला एन्लार्जर लागतो. अडचण अशी की गावोगावच्या स्टुडिओंत होते ते एन्लार्जर रिळाच्या निगेटिव्हचे, त्यात एवढी मोठी काच बसतच नाही. मग काचेला कागद चिकटवून तेवढ्याच मापाचा प्रिंट काढत, आणि चेहरा तांदळाएवढाच राही.

माझ्या मावशीकडे अशी एक हाफ प्लेट होती, गावातल्या धम्मदीक्षेच्या कार्यक्रमाची. तिच्यासाठी मी घरीच एन्लार्जर केला. तो कसा केला ते सांगतो.

एन्लार्जर म्हणजे उलटा चालवलेला कॅमेरा. कॅमेरा मोठ्या माणसाला लहान करून काचेवर आणतो. काचेमागे दिवा लावला की तेच भिंग लहान चित्र मोठे करून भिंतीवर टाकते. म्हणून जुना लाकडी प्लेट कॅमेरा मिळाला तर निम्मे काम झाले. बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर, नाहीतर भंगारवाल्याकडे तो सापडतो. भात्याला भोके असतील तर अंधारात आत बॅटरी लावून पाहा आणि काळे कापड डकवा.

कॅमेऱ्यामागे दिव्याची पेटी येते. पंधरा किलोचा तेलाचा डबा घ्या, आतून पांढरा रंग द्या, वर हवा जायला भोके पाडा. उजेड बाहेर फुटू नये म्हणून भोकांवर पत्र्याची टोपी बसवा. दिवा आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये दुधी काच हवीच. ती नसली तर प्रकाश कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही म्हणून कागदावर ते पांढुरके उमटतात आणि मध्य काळा पडतो. कोपऱ्यांतच तर आपली माणसे असतात.

इथे माझी चूक सांगतो. घाईत मी दोनशे वॅटचा बल्ब लावला आणि काचेला अगदी जवळ ठेवला. दहा मिनिटांत टक्‌ असा आवाज झाला आणि मावशीच्या प्लेटचा एक कोपरा तडकला. चेहरे वाचले, पण मावशी दोन दिवस बोलली नाही. आता पांढरे एलईडी दिवे स्वस्त मिळतात, ते फार तापत नाहीत, तेच लावा. काचेऐवजी जुनी फिल्म असेल तर आणखी जपा. १९५० च्या आधीच्या काही फिल्मा नायट्रेटच्या असत आणि त्या भडकन पेटतात. फिल्म पिवळी, चिकट झाली असेल, उग्र वास येत असेल, तर ती दिव्यासमोर धरूच नका.

हे यंत्र उभे करण्यापेक्षा टेबलावर आडवे ठेवावे आणि चित्र भिंतीवर पाडावे. कारण हिशेबात आहे. भिंगाच्या फोकसला, जितके पट करायचे त्यात एक मिळवून गुणा, म्हणजे भिंगापासून कागदाचे अंतर येते. हाफ प्लेटचे भिंग साधारण २१० मिलिमीटरचे असते. दुप्पट करायचे तर ६३० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या वर. आठपट करायचे तर १८९० मिलिमीटर, सव्वासहा फुटांच्या आसपास. एवढा उंच खांब घरात कोण उभारणार? आठपटीत अख्खे चित्र खिडकीएवढे होते, पण आपल्याला अख्खे नकोच. हवा तो चेहरा जिथे पडेल तिथेच आठ बाय दहाचा कागद टाचायचा. काचेवरचा तीन मिलिमीटरचा चेहरा कागदावर जवळजवळ इंचभर होतो.

काच, भिंग आणि भिंत सरळ समोरासमोर हवीत. भिंतीवर पडलेल्या चौकटीची डावी आणि उजवी बाजू पट्टीने मोजा. एक बाजू मोठी भरली तर यंत्र तिरपे आहे. प्लेटची मंद, बिनचकाकीची बाजू भिंगाकडे करा. उलटी बसली तर बायकांचे पदर दुसऱ्या खांद्यावर जातात आणि फलकावरची अक्षरे आरशातल्यासारखी उमटतात. ती मंद बाजू ओल्या फडक्याने पुसू नका, चित्र तिथेच असते.

खोलीत लाल झिरोचा बल्ब चालतो, पण आधी त्याची परीक्षा घ्या. ब्रोमाइडच्या तुकड्यावर रुपयाचे नाणे ठेवून पाच मिनिटे त्या उजेडात राहू द्या, मग डेव्हलपरमध्ये टाका. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब लबाड आहे. कागद आता जिल्ह्याच्या गावी सहजी मिळत नाही, मागवावा लागतो आणि महाग पडतो. म्हणून पट्टी कापून पाच, दहा, पंधरा, वीस सेकंद असे करून पाहावे, मगच पूर्ण कागद वापरावा.

वीज नसेल तरी अडू नये. १८५७ साली अमेरिकेत डेव्हिड वुडवर्ड याने सूर्याच्या उजेडावर चालणाऱ्या अशाच यंत्राचे पेटंट घेतले होते. खोली अंधारी करून खिडकीच्या फळीला काचेएवढे भोक पाडायचे आणि बाहेर पांढरा पत्रा तिरपा लावून आभाळाचा उजेड आत घ्यायचा.

पोरे म्हणतील, मोबाईलने काढा की. जरूर काढा. पांढऱ्या उजेडावर काच ठेवून काढलेला फोटो मोबाईलमध्ये सुलटा करता येतो, आणि काच फुटली तर तेवढे तरी हाती राहते. पण ते झाल्यावर काच टाकू नका. स्टुडिओ बंद होताना अशा किती प्लेटा गरम पाण्याने धुतल्या गेल्या आणि ती काच दुसऱ्यांच्या फोटोंच्या फ्रेमला लागली, हे या धंद्यातली जुनी माणसे सांगतात. नामदेव व्हटकरांनी ७ डिसेंबर १९५६ ची बाबासाहेबांची अंत्ययात्रा चित्रफितीवर टिपली, म्हणून आपल्याला ती पाहता येते. त्या गर्दीतल्या माणसांच्या घरच्या काचा सांभाळायला मात्र आपल्याशिवाय कोणी नाही. प्रत्येक काच वेगळ्या कागदी पाकिटात, कडेवर उभी ठेवा. आडवी थप्पी लावली तर खालची फुटते.

मावशीच्या प्लेटवरून मी सहा मोठे प्रिंट काढले आणि ओले असतानाच तिच्यासमोर दोरीला अडकवले. अबोला तिथेच सुटला. चष्मा पुसत पुसत तिने त्या रात्री अकरा नावे सांगितली, आम्ही ती पेन्सिलीने पाकिटावर लिहिली. मागच्या रांगेतल्या दोघी बायका अजून ओळखू आलेल्या नाहीत. त्यांचा प्रिंट घेऊन येत्या पौर्णिमेला विहारात जाणार आहे.