‘द कन्व्हर्ट’ : संघर्ष नेमका कोणाशी?

दनाई गुरिरा यांचे ‘द कन्व्हर्ट’ हे नाटक २०१२ साली तीन नाट्यसंस्थांच्या सहनिर्मितीतून प्रिन्स्टन, शिकागो आणि लॉस एंजेलिस असे फिरले; पुढे २०१७ व २०१८ मध्ये लंडनमध्येही त्याची निर्मिती झाली. ‘ख्रिस्ती धर्म विरुद्ध पूर्वजपूजा’ या एका ओळीत त्याची बोळवण करणे सोपे आहे. आमच्या मते तो या नाटकावर अन्याय होईल.

काळ १८९६-९७चा, स्थळ सॅलिसबरी, म्हणजे आजचे हरारे. लादलेले लग्न टाळण्यासाठी पळालेली शोना मुलगी जेकेसाई ही चिलफर्ड या आफ्रिकी कॅथलिक धर्मोपदेशकाच्या घरी आसरा घेते. तो तिला ‘एस्टर’ हे नाव, इंग्रजी आणि बायबल देतो. येथेच परंपरेची बाजू घेऊ पाहणाऱ्या वाचकाची पंचाईत होते : तिच्यापुरते धर्मांतर ही सुटका आहे. पण तिला सोडवणारा हा धर्म, १८९०मध्ये बंदुका घेऊन आलेल्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या छायेत वाढलेला आहे. जून १८९६मध्ये शोना उठाव पेटला, तेव्हा बर्नार्ड मिझेकी हा आफ्रिकी धर्मप्रचारकही मारला गेला. अशा वेळी धर्मांतरिताला तटस्थ राहण्याची जागाच उरत नाही.

नाटकामागे शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची प्रेरणा आहे. मराठी वाचकाला पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे (१९७५) हा साचा परिचित आहे. मात्र तेथे गुरू भाषेचा मालक असतो. येथे गुरूच उसन्या भाषेचा विद्यार्थी आहे. चिलफर्डचे इंग्रजी पुस्तकी, आणि वाक्प्रचारांत घसरणारे. घरकाम करणारी माई तांबा मेरीची प्रार्थना म्हणते, तेव्हा तिच्या तोंडी ‘कृपे’ची ‘भुते’ होतात. प्रेक्षक हसतो, पण अर्थ न कळता म्हटलेली प्रार्थना श्रद्धा ठरते का, हा प्रश्न त्या हशातून सुटत नाही. शिवाय बरेच संवाद शोनातच आहेत, भाषांतराविना. ते ऐकताना लंडनचा प्रेक्षकच काही काळ निरक्षर ठरतो. नाटकाची खरी राजकीय चाल आम्हांला येथे दिसते.

वोले सोयिंका यांनी ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’च्या (१९७५) प्रास्ताविकात ‘संस्कृतिसंघर्ष’ या तयार लेबलाला हरकत घेतली होती. वर्गात ‘द कन्व्हर्ट’ शिकवताना तिचे स्मरण ठेवावे. कोणता धर्म बरा, हे विचारण्याआधी जेकेसाईला निवडीचे स्वातंत्र्य कोण देत होते आणि त्याची किंमत कोण वसूल करत होते, हे विचारले पाहिजे.