खेळातला चेहरा, खेळातला खेळ

व्हिडिओ गेमवर वार्षिकासाठी लेख लिहितो आहे असे सांगताच आमचे एक मित्र म्हणाले, "अरे, हा कला शाखेचा अंक आहे, मोबाइलच्या दुकानाची जाहिरात नव्हे!" एका प्राध्यापकांनीही, अर्थात प्रेमानेच, विचारले, "पण यात वाङ्मयीन असे काय आहे?" मित्राचे सोडून देऊ. सरांच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावयास हवे. तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एक खेळ बाजारात येण्यापूर्वीच त्याच्या चाहत्यांत जो वाद माजला, त्याविषयी मला लिहावयाचे आहे. त्यासाठी आधी त्या खेळाची थोडी हकिकत सांगणे भाग आहे.

जपानमधल्या सेगा कंपनीने १९९९ च्या डिसेंबरात 'शेनमू' नावाचा खेळ आणला. त्याचा कर्ता यू सुझुकी. 'हँग-ऑन' (१९८५), 'आउटरन' (१९८६), 'व्हर्च्युआ फायटर' (१९९३) अशा, नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवरील खेळांनी त्याचे नाव झाले होते. त्या खेळांत सारा मामला काही मिनिटांत आटोपत असे. 'शेनमू'त त्याने नेमके उलटे केले. काळ १९८६ चा, गाव योकोसुका. ऱ्यो हाझुकी या अठरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांदेखत लान डी नावाचा एक चिनी माणूस त्याच्या वडिलांना ठार मारतो आणि मुलगा त्याच्या शोधाला लागतो. कथानक म्हणून यात नवे काही नाही. सूडकथा आपण पुष्कळ पाहिल्या आहेत.

नवे आहे ते पुढेच. घर सांभाळणाऱ्या वृद्ध इने-सान या मुलासाठी रोज पाचशे येन ठेवतात. ते खिशात घालून तो गावभर हिंडतो, दुकानदारांना प्रश्न विचारतो, देवळापाशी सापडलेल्या मांजराच्या पिलाला खाऊ घालतो. रस्त्याकडेच्या यंत्रात शंभर येनचे नाणे टाकले की चिमुकले खेळणे बाहेर पडते. तसली खेळणी तो जमवतो. खेळघरात जाऊन डार्ट फेकतो. तेथेच 'हँग-ऑन'चे यंत्रही आहे, म्हणजे सुझुकीचा जुना खेळ त्याच्या नव्या खेळातला मुलगा खेळू शकतो! पुढे बंदरावरच्या टोळीचा माग काढावा म्हणून तो तेथे फोर्कलिफ्ट चालवण्याची नोकरी धरतो. सकाळी त्या गाड्यांची शर्यत, मग खोकी वाहणे, दुपारी जेवणाची सुट्टी, संध्याकाळी मजुरी. नाटकात गर्भांक असतो, तसे हे खेळातले खेळ. त्यांना मिनिगेम म्हणतात.

दुसरा भाग २००१ मध्ये आला आणि चीनमधल्या ग्वीलिनच्या डोंगरातील एका गुहेत गोष्ट अर्धीच सोडून थांबला. त्यानंतर चौदा वर्षे काही नाही. २०१५ च्या जूनमध्ये सुझुकीने जाहीर केले की, लोकांनी वीस लाख डॉलर जमवून दिल्यास तिसरा भाग काढू. एका दिवसाच्या आत ती रक्कम जमली! महिनाभरात सुमारे ६९ हजार लोकांनी मिळून ६३ लाखांहून अधिक डॉलर दिले. आधी तिकीट, मागाहून नाटक, असा हा व्यवहार. खेळ २०१७ च्या डिसेंबरात यावयाचा होता. प्रत्यक्षात तो १९ नोव्हेंबर २०१९ रोजी आला. मधल्या चार वर्षांत चाहत्यांना करण्यासारखे एकच काम होते, ते म्हणजे वाद घालणे.

ते त्यांनी मनापासून केले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नव्या भागाची एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध झाली. डोंगर, झाडे, पाणी सारे सुरेख. पण माणसांचे चेहरे मात्र दुकानातल्या काचेमागच्या पुतळ्यांसारखे. ओठ आहेत पण बोलणे नाही, डोळे उघडे आहेत पण पाहणे नाही. झाले! एक पक्ष म्हणाला, पैसे घेतलेत आणि हे दाखवता? दुसरा म्हणाला, काम अपुरे आहे, धीर धरा. निर्मात्यांकडूनही तसाच खुलासा आला. पुढच्या चित्रफितींत चेहरे पुष्कळ सुधारले, तरी वाद शमला नाही.

याच्या जोडीला दुसरा वाद होताच. नव्या भागात लाकडे फोडणे, मासे पकडणे, कासवांची शर्यत असे अनेक मिनिगेम असणार हे कळल्यावर एक गट म्हणू लागला, "अहो, अठरा वर्षे थांबलो ते लाकडे फोडायला काय? त्यापेक्षा गोष्ट पुढे न्या." दुसरा गट म्हणे, "लाकडे फोडणे म्हणजेच 'शेनमू'. ते काढले तर उरले काय?"

हे जुने भाग मी दिवाळीच्या सुट्टीत आतेभावाकडे पुण्याला गेलो असता त्याच्या संगणकावर खेळलो. आतेभाऊ पहिल्या गटातला. मी त्या यंत्रात नाणी टाकत बसलो की तो म्हणे, "बाप मेलाय त्याचा, आणि हा खेळणी काय काढतोय!" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. 'द विचर ३' या २०१५ च्या पोलिश खेळाचीही अशीच थट्टा होते. मानलेल्या मुलीच्या शोधात निघालेला नायक गावोगावी थांबून पत्ते कुटीत बसतो. (ते पत्ते लोकांना इतके आवडले, की पुढे त्यांचा स्वतंत्र खेळ निघाला, ही गोष्ट वेगळी.)

आतेभावाला त्या वेळी मी काही बोललो नाही. पण मला एक दिवस आठवत होता.

मी नववीत असताना आजोबा गेले. घर माणसांनी भरलेले होते. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही मुले पडवीत बसलो होतो. चुलतभावाने कोनाड्यातला पत्त्यांचा जोड काढला आणि आम्ही झब्बू मांडला. एक पाहुणे ओरडले, "लाजा नाही वाटत? घरात काय झालंय!" आम्ही पत्ते गोळा करू लागलो. तेवढ्यात माजघरातून आजीचा आवाज आला, "खेळू दे हो पोरांना. ह्यांनीच शिकवलंय त्यांना." थोड्या वेळाने बाबा बाहेर आले. आमच्यात बसले आणि म्हणाले, "मलाही वाट रे." त्या चार दिवसांत बाबा रडलेले आम्ही पाहिले नव्हते. सारी व्यवस्था तेच पाहत होते. त्यांनी पाने उचलली, लावली आणि आपली पाळी आल्यावर हातात किलवर असताना बदाम टाकला. पुन्हा पाळी आली, पुन्हा चुकीचेच पान. हात किंचित थरथरत होता. कोणीही चूक दाखवली नाही. चुलतभावाने ते पान मुकाट्याने बाजूला सरकवले आणि डाव पुढे चालू ठेवला.

आता मला विचारावेसे वाटते, की त्या दुपारी आम्ही आजोबांना विसरलो होतो काय? माझ्या मते बाबांचे दुःख आम्हांला प्रथम दिसले ते त्या डावातच. दहा जणांच्या देखत बोललेल्या शब्दांत ते कोठेच नव्हते.

आपल्या वर्गात भरतमुनींचे रससूत्र शिकवले जाते. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रस निष्पन्न होतो, हे आपण परीक्षेपुरते तरी पाठ करतो. आठ स्थायी भाव, तेहेतीस व्यभिचारी, आठ सात्त्विक हा हिशोबही आपल्याला येतो. व्यभिचारी भावांनाच संचारी म्हणतात. ते येतात, जातात, आणि जाता जाता स्थायी भावाला पोसतात. सतत एकाच सुरात शोक चालला तर प्रेक्षक कंटाळतो. मध्येच आलेली आठवण, मध्येच आलेली झोप, मध्येच आलेला चुकार हर्ष यांनीच शोक खरा वाटू लागतो. 'शेनमू'तली ती नाणी, ते डार्ट, ती बंदरावरची खोकी यांचे काम मला हेच वाटते. बाप गेलेल्या मुलालाही रोजची सकाळ उजाडते. त्याला पोट असते, वेळ घालवावा लागतो. हे दाखविल्याने त्याचा शोक कमी होत नाही.

आणि अनुभाव? अंतरीचा भाव शरीरावर उमटतो तो अनुभाव. घाम, कंप, स्वर बदलणे, डोळ्यांत पाणी येणे हे सात्त्विक भाव तर सरावाने आणता येणेही कठीण. चित्रातल्या माणसाकडून ते करून घेणे हाच ॲनिमेशनचा धंदा. जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एक विचार मांडला होता. यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की तो आपल्याला अधिकाधिक आवडू लागतो. पण तो जवळजवळ माणसासारखा होऊन थोडासाच उणा राहिला, तर आवड एकदम ओसरून तेथे शिसारी येते. कळसूत्री बाहुली आपल्याला भीती घालत नाही, कारण ती माणूस असल्याचा आव आणत नाही. २०१७ च्या त्या चित्रफितीतल्या चेहऱ्यांनी मात्र माणूस असल्याचा आव आणला आणि पापणीपाशी ते फसले.

म्हणून मला वाटते, चाहत्यांचे हे दोन वाद वस्तुतः एकच आहेत. चेहऱ्यात जीव नसेल तर तो माणूस लाकडे फोडताना आपण पाहूच शकणार नाही. तेथे केवळ बटण दाबणे उरेल. उलट चेहरा कितीही हुबेहूब काढला आणि त्याला बदाम टाकायला डावच दिला नाही, तर त्या थरथरीला जागा कोठून मिळणार? बाबांचा हात आणि आमचा झब्बू या गोष्टी मला आजही एकमेकींपासून सोडवता येत नाहीत.

येथे आतेभावाच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल करावयास हवी. प्रत्यक्ष तिसऱ्या भागात सुझुकीने काही ठिकाणी अति केले. एक गुरू डाव शिकवण्यापूर्वी महागडी जुनी दारू मागतो. ती विकत घेण्यासाठी लाकडे फोड, वनस्पती वेच, मासे धर, जुगार खेळ, असे तासन् तास चालते. तेथे फावल्या वेळाची गंमत संपते आणि वेठबिगार सुरू होते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रसदोष सांगताना गौण अंगाचा अतिविस्तार हाही एक दोष गणला आहे. तो दोष येथे स्पष्ट आहे. गोष्ट तर या भागातही संपली नाहीच. तेव्हा पैसे देऊन थांबलेल्या माणसाने कुरकूर केली, तर त्याला रसिकता नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण कुरकुरीलाही मर्यादा असावी. त्याच २०१७ च्या मार्चमध्ये 'मास इफेक्ट : अँड्रोमेडा' या कॅनेडियन खेळातल्या चेहऱ्यांची अशीच टर उडवली गेली. टीका रास्त होती. परंतु काही मंडळींनी पूर्वी तेथे काम केलेल्या एका तरुणीला हुडकून काढले, चेहऱ्यांचे सारे काम हिचेच असा चुकीचा ठपका तिच्यावर ठेवला आणि तिला अर्वाच्य शिवीगाळ केली. शेवटी निर्मात्या कंपनीला तिच्या बाजूने निवेदन काढावे लागले. पडद्यावरच्या चेहऱ्यात माणूस दिसत नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांना समोरच्या बाईत माणूस दिसू नये, याला काय म्हणावे? आपल्या स्नेहसंमेलनातही नट पाठ विसरला की मागच्या बाकांवरून शिट्ट्या वाजतात. त्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, हे येथे सांगून टाकतो.

तेव्हा सर, आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कुवतीप्रमाणे असे आहे. अप्रधान वाटणारा प्रसंग काढून टाकावा की ठेवावा, चेहऱ्यावरचा भाव केव्हा खरा वाटतो, रसिकाने कलावंताकडे कशाची मागणी करावी, हे प्रश्न आपण तासाला फळ्यावर लिहून घेतो. जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतले ते ६९ हजार लोक आपापल्या भाषेत, पुष्कळदा भांडून, त्याच प्रश्नांवर चार वर्षे बोलत राहिले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी भरताचे नावही ऐकले नसेल. आपण ऐकले आहे. मग त्या चर्चेत आपण का नसावे?

आतेभाऊ अजून ऐकत नाही. मात्र मागच्या भेटीत बंदरावरची खोकी वाहताना तो माझ्याशेजारी बसला होता. दुपारची सुट्टी झाली, ऱ्यो जेवायला बसला, तेव्हा तो म्हणाला, "थांब, एवढ्यात उठवू नकोस त्याला. जेवू दे."

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला